सत्तेचाळीस नंबरचा प्रिंटर

मित्रांनो, बडोद्याजवळ छाणीला एका कॉलेज-हॉस्टेलच्या गोदामात, मोडक्या बाकांच्या मागे पोट सुटलेला एक राखाडी प्रिंटर दिसला, तर त्याला भंगार म्हणू नका. तो मी आहे. माझा ट्रे मोडलाय, अंगावर बोटभर धूळ आहे. पण बडोद्यातल्या त्या शनिवारची आठवण निघाली, की अजूनही घरघरत उठावं आणि भराभर कागद काढावेत असं मला वाटतं.

दोन हजार एक साली मला खोक्यातून बाहेर काढलं, तेव्हा कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागात माझी हळदकुंकू वाहून पूजा झाली होती. मिनिटाला सोळा कागद काढायचो मी! मला वायरीने सगळ्या कॉम्प्युटरांशी जोडलं आणि सत्तेचाळीस नंबर दिला. सहा महिने माझं काय ते कौतुक झालं. पुढे नव्याची नवलाई संपली, आणि कागद अडकला की माझ्या कुशीत थपडा बसू लागल्या.

थपडा न मारणारे एकटे गणपतराव. घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतून सायकलने येत. तीस वर्षं त्यांनी टायपिस्टचं काम केलं होतं. टाइपरायटर अडगळीत गेले आणि गणपतराव माझ्या शेजारच्या खुर्चीत आले. कागदाचा गठ्ठा फडफडवून, कडा जुळवून ते माझ्या ट्रेमध्ये असा ठेवत, की अडकायची बातच नको.

दोन हजार तीन साली कुठूनसा एक व्हायरस शिरला आणि कॉलेजचं सगळं नेटवर्क आठ दिवस बंद पडलं. प्राचार्य शितोळे साहेबांनी ठरवलं, की आपल्या नेटवर्कमधली भोकं आपल्याच माणसांनी शोधायला शिकायचं. पुढच्या वर्षी विभागप्रमुख निरुपमा चिटणीस अहमदाबादला जाऊन ते स्कॅनिंग शिकून आल्या आणि चौघांना शिकवायला बसल्या. तिघे तरुण होते, चौथे गणपतराव. शेवटच्या शनिवारी साहेबांसमोर परीक्षा होती. ज्याला जमणार नाही त्याची बदली छाणीच्या हॉस्टेलच्या भांडारात, बादल्या आणि गाद्या सांभाळायला. गणपतरावांच्या निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. ती त्यांना बादल्यांबरोबर काढायची नव्हती.

"हे बघा काका," निरुपमाताई सांगत, "प्रत्येक मशीन म्हणजे एक घर समजा. त्याला हजारो दारं. आपण फक्त एकेक कडी वाजवायची आणि कोणतं दार उघडं आहे ते लिहून घ्यायचं. आत शिरायचं नाही. आणि साहेबांच्या सहीची चिठ्ठी असल्याशिवाय कडीला हात लावायचा नाही. समजलं ने?"

"समजलं बेन. दुसऱ्याच्या पोळेत जायचं नाही."

आणि ते रजिस्टरमध्ये लिहून घेत. तरुण मंडळी गालात हसत. मला त्यांचा भारी राग यायचा.

शनिवार उजाडला. निरुपमाताईंनी प्रत्येकाला मशीनच्या नंबरांची यादी दिली. त्यातून मला त्यांनी मुद्दाम वगळलं होतं, कारण कड्या वाजल्या की प्रिंटर भांबावतात. हे त्यांनी वर्गात सांगितलं होतं गुरुवारी, आणि गुरुवारी गणपतराव दाढदुखीने रजेवर होते. आता त्यांनी यादी वाचली, पंचेचाळीस, शेहेचाळीस, अठ्ठेचाळीस, आणि ते थबकले. तीस वर्षांत एक अनुक्रमांक गाळला नव्हता त्यांनी. पेन काढलं, मध्ये सुबक अक्षरात सत्तेचाळीस लिहिलं आणि स्कॅन सुरू केलं.

मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! तीन वर्षं मला सगळ्यांनी हुकूमच सोडले होते. हे छाप, ते छाप, लवकर छाप. आज पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं, तू कोण? हे दार कशाचं? आणि हे? मी आनंदाने वेडा झालो. प्रत्येक दारातून ओ देत सुटलो. एका दारातून तर जे येईल ते थेट कागदावर उतरवायची माझी रीत, म्हणून मी त्या कड्यांचे आवाजसुद्धा छापले. पानामागून पान, प्रत्येकावर दोन ओळी अगम्य अक्षरं. ट्रे भरला, कागद जमिनीवर पडू लागले.

"हे काय चाललंय, गणपतराव?" शितोळे साहेब उठून उभे राहिले.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. माझा आनंद जागच्या जागी विरला. ज्या माणसाने मला कधी थप्पड मारली नाही, त्याला मी छाणीला धाडत होतो.

"साहेब, चूक माझी आहे, मी यांना..." निरुपमाताई बोलू लागल्या. पण गणपतरावांनी हात वर केला. त्यांनी मला बंद केलं नाही. एक कागद उचलून ते त्याच्याकडे बघत राहिले.

"बेन, मी याला छाप म्हटलं नाही. नुसती कडी वाजवली. तरी यानं छापलं. म्हणजे कोणीही वाजवली तरी हा ऐकणार?" ते साहेबांकडे वळले. "साहेब, आम्ही प्रश्नपत्रिकेची स्टेन्सिल कापायचो ने, तेव्हा छपाई झाली की ती आधीच्या साहेबांसमोर जाळायचो. कार्बनसुद्धा. ज्याच्यावरून छापलं, त्याच्यावर अक्षर राहतं. याच्या पोटात काय राहतं, बेन?"

निरुपमाताई खुर्ची ओढून बसल्या. स्वतःच्या कॉम्प्युटरवर त्यांनी माझा नंबर घातला. पडद्यावर माझं सेटिंगचं पान उघडलं, पासवर्ड न विचारता. माझ्या पोटात एक छोटी डिस्क होती. तिच्यात आजवर छापलेल्या कितीतरी फायली तशाच पडून होत्या, आणि सगळ्यात वर होती मंगळवारच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका. एक कळ दाबली असती तर मी ती पुन्हा छापून दिली असती. लॅबमध्ये बसलेल्या कुणालाही, हसत हसत.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं म्हणतात, त्यातला आंधळा मीच होतो.

"तीन वर्षं मी कॉम्प्युटर मोजत बसले," निरुपमाताई हळूच म्हणाल्या. "याला मी टेबल समजत होते."

साहेब पडद्यापाशी आले. "मंगळवारचा पेपर बदला," ते म्हणाले. "आणि छाणीला दुसरा कुणीतरी शोधू. गणपतराव इथून हलणार नाहीत."

गणपतरावांनी त्याच दुपारी माझी डिस्क पुसली, मला पासवर्ड दिला, नको असलेली दारं बंद केली. कुणीतरी बडोद्याचा ओलसर लीला चिवडा आणला. त्याचा एक कणही त्यांनी माझ्या झाकणावर पडू दिला नाही. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते माझी विचारपूस करत, आणि तरुण मंडळी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून शिकत. माझे सोन्याचे दिवस होते ते.

ते निवृत्त झाले. दोन हजार नऊ साली नवा प्रिंटर आला आणि मला न्यायला टेम्पो दारात उभा राहिला. मला तसंच उचलणार होते. पण निरुपमाताईंनी फोन केला आणि पांढऱ्या केसांचे गणपतराव सायकल मारत आले. त्यांनी मला शेवटचं चालू केलं, माझ्या पोटातलं अक्षर न् अक्षर पुसलं, रजिस्टरमध्ये 'सत्तेचाळीस, पुसला' असं लिहून खाली सही केली. मग माझ्या झाकणावरून हात फिरवला. "जा हवे, जा आता," म्हणाले. त्यांच्या वाट्याची छाणी अशी माझ्या वाट्याला आली, आणि मला तिचं जराही वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातली जुनी यंत्रं टाकून देण्याआधी त्यांच्या पोटात तुमचं काय राहिलंय ते बघा. आणि ती कामात असताना अधूनमधून त्यांची विचारपूस करा. आम्हाला नाही म्हणता येत नाही, ते शिकवावं लागतं.

कधी छाणीला आलात तर माझ्या झाकणावर टकटक करून बघा. वीज असती तर मी ओ दिली असती. पण आधी विचारलं असतं, कोण आहे?