तिसरा हात

देवळीची भिंत सोमेशनं सर्वांत शेवटी ठेवली होती.

बैठकीच्या तीन भिंतींवर पिस्त्याच्या रंगाचा डिस्टेंपर चढला होता. दाराची चौकट एका बाजूनं चॉकलेटी ऑइलपेंटनं चकाकत होती. दुसरी बाजू नुसती घासून ठेवलेली. ब्रश डब्यावर आडवा ठेवून तो त्या चौथ्या भिंतीसमोर पुन्हा थांबला. नळदुर्गच्या हमरस्त्यावरच्या ट्रकांची थरथर पायांखालच्या शहाबादी फरशीत येऊन विरत होती.

देवळीच्या उजव्या अंगाला हळदीचे तीन हात होते. घराण्याची रीतच तशी. हळद लागली, की नवरीनं तेलात कालवलेल्या हळदीचा हात भिंतीवर उमटवायचा. लेक सासरी गेली तरी तिचा हात माहेरी राहतो, असं म्हणत. पहिला हात आत्याचा, जुन्या पानासारखा विटलेला. दुसरा थोरल्या बहिणीचा, निकिताचा. तिसरा धाकट्या राजनंदिनीचा. तो अजून ताजा होता, आणि ती सासरी गेलीच नव्हती. गेल्या वैशाखात, दारात मांडव असताना, नवरदेव दुसऱ्याच मुलीबरोबर निघून गेल्याचा निरोप आला होता. आचाऱ्यानं चुली विझवल्या आणि नंदिनीनं अंगावरची हळद एकटीनं धुतली.

आता माकणीचं स्थळ आलं होतं. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

"हळद लागून ऱ्हायलेली पोरगी कोन करतंय रं?" आई म्हणायची. "एकदा नांदायला गेली, की मग कळंना का."

आताही ती आतून आली. "सोम्या, संध्याकाळी पाव्हणे येणार, आन् तू भिताडाकडं बघत उभा. भितीत जावाई सापडला का काय तुला?"

"आधी प्रायमर मारू, आई. साबणानं घासून गेलं न्हाय, ते चुन्यानं काय झाकणार?"

"देवळीच्या भितीला चुन्याबिगर काय लागत न्हाय आपल्यात. बादलीत भिजवलाय. मार."

"मार की दादा," दारातून नंदिनी हसत म्हणाली. "माझ्या हाताची परवानगी मागत बसलास व्हय?" हसताना तिनं उजवा हात ओढणीत गुंडाळून घेतला होता.

त्यानं कुंचा बुडवला आणि पहिला पट्टा तिसऱ्या हातावर ओढला. क्षणभर काही झालं नाही. मग ओल्या चुन्याखाली पिवळा रंग तांबूस झाला, आणि पाहता पाहता लाल. घाबरून त्यानं कुंचा आडवा फिरवला, तसे आत्याचे, निकिताचे हातही पेटत गेले. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे त्या घरात साऱ्यांना ठाऊक होतं. भिंतीवरही तसंच होईल, हे मात्र कुणाच्या मनात आलं नव्हतं.

"वाळू दे," आई पुटपुटली. "वाळलं की झाकंल."

वाळायला उसंत मिळाली नाही. पाहुण्यांना लवकरची जीप मिळाली आणि संध्याकाळची माणसं भर दुपारी उंबऱ्यात उभी राहिली. "शरणार्थी," असा हात जोडून नमस्कार करत मुलाचे वडील चन्नबसप्पा आत आले, मागून त्यांच्या पत्नी, आणि सर्वांपुढे स्थळ आणणारा आईचा भाऊ, गुरुलिंगमामा.

"कापडं संभाळा पाव्हणं! चौकट वली हाय. न्हायतर आमचा रंग माकणीला घेऊन जाल!" मामा म्हणाले.

सगळे हसले. नंदिनीनं चहा आणला. चन्नबसप्पांच्या पत्नींची नजर भिंतीवर खिळली होती.

"हे लाल हात कसले म्हणायचे?"

आईला उत्तर जुळेपर्यंत मामा बोलूनही चुकले. बहिणीच्या सासरच्या रीतींचं त्यांना कौतुक फार, आणि गप्प बसण्याची सवय नाही. "ही या घराची रीत! ज्या लेकीला हळद लागली, तिचा हात देवळीपाशी. ह्यो आमच्या दाजींच्या बहिणीचा. ह्यो आमच्या निकीचा. आन् ह्यो..."

मामांचं बोट हवेतच राहिलं.

"लेकी किती म्हणालात तुमी, अक्का?" बाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"दोन," आई म्हणाली.

सोमेशनं मान खाली घातली. त्याच्या नखांत चुना वाळून पांढरा झाला होता.

"तो माझा हाय," नंदिनी म्हणाली आणि रिकामा ट्रे छातीशी धरून उभी राहिली.

चन्नबसप्पांनी चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. तेवढा मान त्यांनी राखला. "कळवतो आमी," ते उठत म्हणाले. निघताना त्यांच्या पत्नीनं नंदिनीच्या डोक्यावरून हात फिरवला. "हळदीचं काय न्हवतं, पोरी. आधी सांगितलं असतं, तर..." वाक्य अर्धं ठेवून त्या बाहेर पडल्या. पदराला चौकटीचा चॉकलेटी फराटा लागला, तो त्यांना कळलाही नाही.

दिवस कलला तसा चुना वाळून पांढरा झाला. हातांची लाली ओसरली आणि त्या पांढऱ्यातून तिन्ही हात पुन्हा पिवळे, पुसट दिसू लागले. आईनं देवळीत दिवा लावला. वर पाहिलं नाही.

"दादा, चौकट अर्धीच ऱ्हायली की रे."

"आता कुणासाठी रंगवू?"

"दोन रंगाच्या दारातनं जल्मभर ये-जा करायची व्हय मग?"

त्यानं डबा उघडला. रंगावर साय धरली होती. ती काडीनं बाजूला सारून त्यानं ब्रश भिजवला. कोरड्या बाजूला टेकून नंदिनी उंबऱ्यात उभी होती, रस्त्याकडं तोंड करून. ती सरकल्याशिवाय रंग लावता येणार नव्हता. सरक, असं म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. तो तसाच थांबला, ब्रशवरून एक थेंब फरशीवर पडला.

तो पडताना तिनं पाहिला, आणि ती सरकली. आत.