हॅट सावलीत, पोर उन्हात

मित्रांनो, तुमच्यासमोर बोलते आहे ती एक जुनी सोला हॅट. जुनी आहे आणि दमलेलीही आहे. माणूस पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन आरामखुर्चीत बसतो. टोपीला निवृत्ती नसते. ती कुणाच्या डोक्यावर बसेनाशी झाली की तिच्यात कांदे भरतात.

माझा जन्म बंगालमधला. तिकडच्या दलदलीत शोला नावाचं झुडूप उगवतं. त्याच्या देठात पांढरं, पिसासारखं हलकं भेंड असतं. तुमच्याकडे लग्नातली बाशिंगं ज्याची करतात ना, साधारण तसंच. कलकत्त्याच्या एका कारागिरानं त्याच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून मला घडवलं, वरून खाकी कापड चढवलं, आतून हिरवं अस्तर लावलं आणि हनुवटीखाली अडकवायला चामड्याचा पट्टा दिला. कापडाचं सोडा, पण माझं हाडमांस पूर्ण स्वदेशी आहे. ही गोष्ट पुढं मी कुणालाही पटवून देऊ शकले नाही. टोपीला बोलता येत नाही, आणि ज्यांना बोलता येत होतं त्यांनी विचारलं नाही.

माझी उमेदीची वर्षं मुलुंडच्या मिठागरांत गेली. माझे मालक अण्णा मीठ खात्यात इन्स्पेक्टर होते. मिठागरात ऊन दोनदा लागतं मित्रांनो, एकदा वरून आणि एकदा पांढऱ्या राशींवर आपटून खालून. वरचं मी अडवत असे. खालच्याला इलाज नव्हता. अण्णांचा वरिष्ठ एक इंग्रज होता. तो अण्णांना नेहमी म्हणे, की नोकरी विसरा, छत्री विसरा, पण हॅट विसरू नका. आणि स्वतः एकदा विसरला. दुपारपर्यंत त्याचं नाक लाल झालं, संध्याकाळी त्यावर फोड आले आणि आठवड्यानं उकडलेल्या बटाट्यासारखी साल निघाली. ते नाक अण्णा जन्मात विसरले नाहीत.

मग इंग्रज गेले. पाठोपाठ अण्णा निवृत्त झाले आणि पार्ल्याला धाकट्या भावाकडे, विद्याधरांकडे राहायला आले. सामानाबरोबर मीही आले. विद्याधर शाळेत मास्तर. अंगात खादी, डोक्यावर पांढरी टोपी. मला पाहताच त्यांच्या कपाळावर जी आठी पडली ती मला माळ्यावर चढवेपर्यंत गेली नाही. विद्याधरांच्या पत्नी वसुधाबाई व्यवहारी होत्या. त्या म्हणाल्या, "टाकायची कशाला? हवेशीर आहे. कांदे राहतील." सात वर्षं कांदे राहिले.

पंचावन्न सालच्या मे महिन्यात उत्तरा सुट्टीला आली. ती या भावांच्या बहिणीची मुलगी, वय वर्षं सात. तिचे वडील डेहराडूनला नोकरीला, त्यामुळे ती डोंगराच्या थंडीत वाढलेली. रंगानं इतकी गोरी, की मनगटावरच्या निळ्या शिरा मोजून घ्याव्यात. डोळे घारे, केस भुरे. अशी भाची घरात आल्यावर तिला घरात कोण ठेवतं? रोज कुणाकडे तरी दाखवायला नेणं सुरू झालं, आणि संध्याकाळी तिचे गाल लाल होऊन परत येऊ लागले.

"सफरचंद आहे गं सफरचंद!" शेजारच्या मालवणच्या प्रेमाबाई कौतुकानं म्हणायच्या. "आमच्या पोरांचे गाल बग, चिकू नुसते."

त्या घरात उन्हाबद्दल एकच शास्त्र होतं. ऊन माणसाला काळं करतं. उत्तरा काळी होत नव्हती, लाल होत होती. त्याअर्थी तिला ऊन लागतच नव्हतं. तरीही रंग उतरू नये म्हणून वसुधाबाई रोज संध्याकाळी साय आणि डाळीचं पीठ कालवून तिचे हात, मान, गाल खसाखसा चोळत. पोरगी किंचाळे.

"मामी, आग होते!"

"सोस गं जरा. रंग काही फुकट राहत नाही."

वसुधाबाईंचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं नाही. प्रेमच होतं, आणि तेच त्या चोळत होत्या.

चौथ्या दिवशी अण्णांनी उत्तराचं नाक निरखून पाहिलं आणि थेट माळ्याची शिडी लावली. कांदे खाली ओतले गेले.

"विद्याधर, ही पोर भाजते आहे."

"अण्णा, पोर आहे ती. पापड नाही."

"माझ्या साहेबाचं नाक अगदी असं झालं होतं."

"तो साहेब होता. आपल्या रक्ताला इथलं ऊन नवं नाही."

"रक्ताला नसेल. कातडीला आहे. कातडी डेहराडूनला वाढली."

"म्हणून माझ्या भाचीच्या डोक्यावर हे गुलामगिरीचं टोपलं ठेवू?"

"टोपलंच समज," अण्णा म्हणाले. "इतके दिवस कांदे ठेवले, आता पोर ठेवू."

मी उत्तराच्या डोक्यावर ठेवली गेले तेव्हा तिच्या नाकापर्यंत उतरले. अण्णांनी आत वर्तमानपत्राच्या घड्या भरल्या. त्यात कुणा मंत्र्याचं स्वावलंबनावर भाषण होतं. माझ्या डोक्यात शिरलेला तो पहिला आणि शेवटचा मजकूर.

"अण्णामामा, हिला कांद्याचा वास येतो."

"येऊ दे. रडू आलं तर कारण विचारायला कुणी येणार नाही."

मित्रांनो, इतक्या वर्षांनी डोक्यावर बसायला मिळालं म्हणून मी हरखून गेले असेन असं तुम्हाला वाटेल. खरं सांगते, मला पुन्हा कामाचा कंटाळाच आला होता. पण पोरीनं पट्टा हनुवटीखाली अडकवला, आरशात पाहिलं, आणि स्वतःलाच सलाम ठोकला. मग मीही जरा सरळ बसले.

रविवारी सकाळी नऊला विद्याधर आणि उत्तरा जुहूला निघाले, चालतच. डब्यात पोळी-भाजी, बाटलीत पाणी. अण्णांचे गुडघे दुखत होते म्हणून ते घरी राहिले, पण गल्लीच्या टोकापर्यंत ओरडत होते, "विद्याधर, टोपी काढू देऊ नकोस तिला!"

तिनं काढली नाही. अकरा वाजेपर्यंत ती माझ्याखाली बसून वाळूचा किल्ला करत होती, आणि मी, मिठागरात केलं तेच, निमूटपणे करत होते. तेवढ्यात किनाऱ्यावरून चौघंजण येताना दिसले. त्यांच्या पुढं नंदकिशोर होते.

नंदकिशोर विद्याधरांच्याच शाळेत मास्तर. ते कोट्या करत. त्यांची एक कोटी मास्तरांच्या खोलीत वर्षभर पुरत असे, आणि ज्याच्यावर केली त्याला ते वर्ष फार लांब जाई. विद्याधरांनी त्यांना दुरून पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"उत्तरा, टोपी दे बघू जरा."

"का मामा?"

"दे म्हणतो ना."

पट्टा सुटला. मी विद्याधरांच्या हातात आले आणि दुसऱ्या क्षणी त्यांच्या पाठीमागे गेले.

"काय विद्याधरराव! समुद्र तपासायला आलात? किती मार्क दिलेत?" नंदकिशोर म्हणाले. "भाची वाटतं? काय गुलाबी आहे हो! पार्ल्याची वाटतच नाही."

मग बोलणं सुरू झालं. ते मुलांना काटक कसं करावं यावर होतं. एकजण म्हणाले, हल्लीची मुलं नाजूक झाली आहेत, उन्हातान्हात वाढवली पाहिजेत. विद्याधर म्हणाले, अगदी खरं आहे. हे मी पाठीमागून ऐकत होते. विद्याधरांची पाठ रुंद, त्यांचं धोतर पांढरंशुभ्र, आणि त्यांची सावली बरोबर माझ्यावर पडत होती. उभ्या जन्मात पहिल्यांदा मी सावलीत होते आणि पोर उन्हात.

"मामा, हॅट."

"थांब हं बाळा."

"मामा, डोकं भाजतं."

"मोठी माणसं बोलतायत ना?"

मोठी माणसं सव्वा तास बोलली. माझ्या काठावर विद्याधरांच्या बोटांना घाम आला होता, तो मला कळत होता. बोटं दोनदा पुढं यायला निघाली. दोन्ही वेळा नंदकिशोर हसले आणि बोटं मागं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरा उठली नाही. अंग तापलेलं, डोळे सुजून बारीक झालेले, आणि खांद्यांवर, मानेवर, नाकावर पाण्यानं भरलेले फोड. वसुधाबाईंनी हाक मारली तशा प्रेमाबाई धावत आल्या, एकदा पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"गोवर हा तो, वहिनी. डाक्टराक बोलवू नकात. देवी कोपतली. अंगाक पाणी लावू नकात. कडुलिंबाचो पालो आणा."

आणि तेच झालं. दाराला कडुलिंब लागला. खिडक्या बंद झाल्या. अंगाला पाणी लावायचं नाही, म्हणून पोरीनं थंड फडकं मागितलं तर वसुधाबाई डोळे पुसत नाही म्हणाल्या. गोवरात डॉक्टर आणू नये ही तिथली पक्की समजूत होती, आणि ती मोडायला कुणी तयार नव्हतं. अण्णा मात्र उंबऱ्यात उभे होते.

"विद्याधर, मला हा गोवर वाटत नाही. काल टोपी होती ना डोक्यावर?"

मी खुंटीला होते. विद्याधरांनी माझ्याकडे पाहिलं.

"होती."

मास्तरांचं व्याकरण चोख होतं. सकाळी नऊला होती, अकरापर्यंतही होती. अण्णांनी मान खाली घातली. "मग ऊन नसणार," ते म्हणाले. "मग गोवरच असेल." माझ्यावर त्यांचा एवढा विश्वास होता. मिठागरातल्या इतक्या वर्षांनी कमावलेला तो विश्वास आता त्या पोरीच्या मुळावर आला होता, आणि मला खुंटीवरून हलताही येत नव्हतं.

दुपारी ताप चढला. ओठ सुकून फुटले. वसुधाबाई पाल्यानं वारा घालत होत्या, प्रेमाबाई दारात बसून पुटपुटत होत्या, विद्याधर पायथ्याशी बसले होते. उत्तरानं डोळे न उघडताच हात पुढं केला.

"मामा, हॅट दे ना आता. ती माणसं गेली."

वसुधाबाईंचा पाला थांबला.

"कुठली माणसं हो?"

विद्याधर उठून उभे राहिले. शाळेत चुकलेल्या पोराला ते जसं उभं करत तसेच उभे राहिले.

"अण्णा, गोवर नाही हा. मी टोपी काढून घेतली होती. नंदकिशोर आले म्हणून. सव्वा तास ही उन्हात उभी होती."

"आणि टोपी?"

"माझ्या पाठीमागे."

अण्णांनी चपला घातल्या, दुखरे गुडघे घेऊन स्वतः डॉक्टरांकडे गेले आणि त्यांना घेऊन आले. डॉक्टरांनी पाहिलं आणि आधी खिडक्या उघडायला लावल्या. हे उन्हानं भाजणं आहे, ते म्हणाले. थंड पाण्याच्या घड्या ठेवा. पाणी, ताक, सरबत, मागेल ते पाजा. फोड फोडू नका. मला उद्या सकाळी आणलं असतं तर मी काय सांगितलं असतं, मलाच ठाऊक नाही. आणि मानेवरचं हे डाळीचं पीठ कुणाच्या डोक्यातून निघालं?

"आम्हांला वाटलं, ऊन लागलं की काळी पडतात," वसुधाबाई हळूच म्हणाल्या.

"तुमची-आमची मुलं काळी पडतात. ही पडत नाही, म्हणून ही भाजते. काळं पडणं ही कातडीची छत्री आहे बाई. हिच्याकडे ती नाही."

प्रेमाबाईंनी दारावरचा कडुलिंब उतरवला आणि घरातून लिंबाचं सरबत करून आणलं. रात्री ताप उतरला. आठवड्यानं खांद्यांवरची साल निघाली. पोरगी ती निवांत सोलत बसे आणि अण्णा तिला साहेबाच्या नाकाची गोष्ट सांगत.

जूनच्या आरंभी तिला घेऊन जायला तिचे वडील आले. त्यांच्याबरोबर ती निघाली तेव्हा विद्याधरांनी मला खुंटीवरून काढलं, तिच्या डोक्यावर ठेवलं, आणि खाली वाकून पट्टा स्वतः अडकवला. ऐन बाराची वेळ. रस्त्याच्या वळणावर समोरून नंदकिशोर आले. ते थांबले. त्यांनी मला पाहिलं, मग पांढऱ्या टोपीतल्या विद्याधरांना पाहिलं.

"काय विद्याधरराव! स्वराज्य मिळालं ते परत करायला निघालात की काय?"

विद्याधरांचा हात माझ्याकडे आला. मी मनातल्या मनात पट्टा आवळला. त्या हातानं मला थोडं पुढं ओढलं, पोरीच्या नाकावर सावली पडेल इतकं.

"आधी तिला सावलीतून जाऊ द्या," ते म्हणाले. "मग उन्हात उभे राहून आपण दोघं हसू."

आता मी डेहराडूनला असते. तिथं ऊन कोवळं आहे आणि मला काम कमी. उत्तरा मोठी होत चालली आहे, माझं भेंड ठिसूळ होत चाललं आहे. मित्रांनो, फार उपदेश करण्याइतकी ताकद उरली नाही. एवढंच सांगते. सुट्टीत उन्हात गेलात आणि तुमच्यातलं एखादं गोरं पोर लाल दिसलं, तर त्याला सफरचंद म्हणू नका. आधी सावलीत न्या, पाणी द्या, डोक्यावर काहीतरी घाला. टोपी कुठली, साहेबाची की गांधींची, याचा वाद पोर सावलीत बसल्यावर घाला.

नंदकिशोरांची ती कोटी शाळेत वर्षभर चालली म्हणे. विद्याधरांनी ती वर्षभर ऐकली. कोटीनं कुणाच्या अंगावर फोड येत नाहीत.