पाठीवरची जाळी

आमच्या हॉटेलच्या गरम पाण्याच्या कुंडाबाहेर एक लाकडी पाटी आहे : ‘हे पाणी त्वचेच्या सगळ्या तक्रारींवर गुणकारी.’ त्यामुळे माझ्या पाठीला खाज सुटली तेव्हा सासूबाईंनी पहिली ताकीद दिली ती खाजवू नको अशी नव्हे, बोलू नको अशी.

“मोलकरणींसमोर पाठ उघडी टाकायची नाही,” त्या म्हणाल्या. “पाहुण्यांच्या आधी कुंडात उतर, पाहुण्यांनंतर उतर. पाणी आपलं काम करील.”

मी उतरत होते. पण गरम पाणी लागलं की मानेपासून कमरेपर्यंत पुटकुळ्या पेटून उठायच्या. तान्ह्या नाझुनाला पाजता पाजता मी पाठ खांबाला घासायचे. ती प्यायची थांबून वर बघायची आणि हसायची. नुकतीच हसायला शिकली होती. आईला काहीतरी मजेचा खेळ सुचलाय, असं तिला वाटत असणार.

पानगळीत मी या घराची धाकटी मालकीण म्हणून गावासमोर बसणार होते. त्या दिवशी घराण्याचा जांभळा किमोनो घालायचा असतो. तो शिवला सासूबाईंच्या आजेसासूसाठी, आणि ती म्हणे वेताच्या काठीसारखी होती. बाळंतपणानंतर तो मला गुंडाळून पाहिला, तर पुढचा काठ निम्म्यातच अडला. सासूबाईंनी माझ्या कमरेला चिमटा काढला.

“हे सगळं काही नाझुनाचं नाही हं. बरंचसं तुझंच आहे.”

त्या दिवसापासून माझ्या ताटातला भात गेला. शेवया गेल्या, रताळी गेली. टोफू, समुद्री शेवाळाचं कढण, मुळ्याचं लोणचं, एवढं उरलं. स्वयंपाकघरात भाताचं झाकण उघडलं की मी चादरी वाळत घालायला बाहेर पळायचे. काठ हळूहळू पुढे सरकत होता. आणि खाजही.

एकदा एक पाहुणी वेळ सोडून कुंडावर आली. माझी पाठ बघून तिने टॉवेल छातीशी घट्ट धरला आणि तशीच ओल्या पायांनी ऑफिसात गेली. “तुमच्या पाण्यात नक्की आहे तरी काय?”

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला स्वतः गाडीत घातलं. गावातल्या डॉक्टरांकडे नाही, दोन डोंगर ओलांडून शहरात, जिथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं.

हिरागा डॉक्टरीणबाईंचा आवाज मासळीबाजारातला होता. “वळा. हं. जुन्या डागांची तपकिरी जाळी, वर ताजं लाल पुरळ. खाजेचं मलम लावलं?”

“लावलं. काही फरक नाही.”

“पडणारच नाही. इकडे तोंड करा. श्वास सोडा.” त्यांनी नाक पुढे केलं. “नासलेल्या नासपतीचा वास येतोय. भात कधी सोडलात?”

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या गोड हसल्या. “सोडला कुठे? जरा कमी खाते. आजकालच्या मुली.”

“मी तुम्हाला नाही विचारलं, आजी.”

माझ्या सासूला कुणी आजी म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. तेवढा एक क्षण खाज थांबल्यासारखी वाटली.

माझ्या लघवीत बुडवलेली कागदाची पट्टी बघता बघता किमोनोसारखी जांभळी झाली. बाईंनी ती सासूबाईंच्या नाकासमोर धरली. “पोटात अन्न नाही म्हणून हिचं शरीर स्वतःची चरबी जाळतंय. त्या जाळाची झळ कातडीवर उठलीय असं समजा. सहसा न दिसणारा आजार आहे, पण उपाशी राहणाऱ्या पोरींमध्ये मी बघते. याला औषध म्हणजे भात. पोटभर जेवली की खाज जाईल. आणि अंगावर पाजणारी बाई उपाशी? एखाद्या दिवशी चुलीपुढेच आडवी होईल.”

“भात न खाता काही?” सासूबाईंनी विचारलं.

“गोळी आहे. पण ती घेताना बाळाला अंगावर पाजू देत नाही मी. भात असताना गोळी कशाला?”

“लिहून द्या.”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कपडे सारखे करू लागले. मग त्यांनी गोळीची चिठ्ठी लिहिली आणि एक फोटो पुढे सरकवला. “बरं झालं तरी खूण राहते. अशी.”

खांद्यांच्या मधोमध फिकट तपकिरी जाळी. ती पाठ कुणा परक्या बाईची होती, पण ती जाळी माझ्या ओळखीची होती. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी, पाहुणे जेवायला बसले की, मी सासूबाईंची पाठ घासते. कुंडाच्या पाण्यातल्या गंधकाचे डाग समजून मी ती जाळी कितीदा तरी काढायला गेले होते.

सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

संध्याकाळी कुंडाकाठी त्या नेहमीसारख्या माझ्याकडे पाठ करून बसल्या. मी फडकं भिजवलं.

“आई, तुम्हाला माहीत होतं.”

“पहिल्या पुटकुळीपासून.”

“मग सांगितलं का नाही?”

“दोन मुठी भाताने खाज जाते. कंबरही जाते. तुला काय हवं होतं?”

“मी उद्यापासून जेवणार.”

“जेव की. माहेरी जाऊन पोटभर जेव. नाझुना इथे राहील. ही मुलगी या घराची आहे.”

“शुइची तिचे वडील आहेत. ते असं होऊ देणार नाहीत.”

“शुइची?” त्या हसल्या. “तो माझ्या गोळ्यांच्या दिवसांत डब्याच्या दुधावर वाढलाय. त्याने आजवर कशाला नाही म्हटलंय?” मग मान जराशी पुढे झुकवून म्हणाल्या, “हात का थांबला? त्या जाळीवर घास. जोरात. तिथे अजून खाजतं.”

मी घासलं. पाठ लाल होईपर्यंत घासलं.

रात्रीच्या जेवणानंतर त्यांनी माझ्या तळहातावर गोळी ठेवली आणि नाझुनाला उचलून कडेवर घेतलं. मी गोळी गिळेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या. ती गिळली तेव्हाच नाझुना माझ्या हातात परत आली, दुधाच्या बाटलीसकट.

नाझुना बाटली तोंडाने ढकलायची आणि माझ्या अंगावर नाक घासत राहायची. ती रडली की माझ्या कपड्यांवर दोन ओले गोल उमटायचे. पुढे ते उमटायचे थांबले. तोवर खाजही थांबली होती. नाझुनाने बाटली धरली, आणि बाटली धरताना ती माझ्याकडे बघेनाशी झाली.

समारंभाला किमोनो बसला. सासूबाईंनी स्वतः माझ्या मानेवरच्या जाळीवर पांढरी पावडर थापली. गावातल्या बायका म्हणाल्या, “काय मान आहे हो धाकटीची!”

पाहुणे पांगल्यावर मागच्या खोलीत त्यांनी माझा कमरपट्टा सोडला आणि वाफाळत्या भाताचा वाडगा पुढे ठेवला. “घे. आता खा.”

मी वाडगा जवळ ओढला आणि नाझुनाला मांडीवर घेतलं. नाझुना आता पेज चाटायच्या वयाची झाली होती. मी एक शीत बोटांनी चेचून तिच्या जिभेवर ठेवलं. तिने मचमच केलं, डोळे मोठे केले आणि कितीतरी दिवसांनी नीट माझ्याकडे पाहिलं. मी आणखी एक शीत चेचलं.

सासूबाईंनी तिच्या मानेवरून बोट फिरवलं. “लांब आहे हिची मान. किमोनो शोभेल.” मग त्यांनी माझं मनगट धरलं. “पुरे. सवय लागेल.”

नाझुनाचं तोंड उघडंच होतं.