दोन बोटं दुमड

शिवणखात्यातल्या मावशीचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला आणि डॉक्टरांनी पायाचं मशीन बंद करायला सांगितलं. बाळंतपणाच्या इस्पितळात ती बत्तीस वर्षं शिवत होती. आता दोनच वाटा होत्या: उभ्याने काम करायचं कापणीचं टेबल, नाहीतर घर. टेबलासाठी परीक्षा होती आणि परीक्षेत गणित. गणिताशी मावशीचं लहानपणापासून विळ्याभोपळ्याचं सख्य!

"आई, या वयात पाढे?" मुलगा हसला.

"पाढे नाही रे, पोटापाण्याचं आहे," म्हणत तिने वही पिशवीत टाकली.

मोठ्यांचा गणिताचा वर्ग वाचनालयाच्या मागच्या खोलीत, दुपारी चारला भरायचा. शिकणारे सगळे केस पिकलेले. शिकवणाऱ्या बाई मात्र मावशीच्या सुनेच्या वयाच्या. त्या फळ्याशी उभ्याच राहत नसत. खडू टेबलावर मधोमध ठेवत आणि गाणाऱ्याने ओळ अर्धी सोडावी तसा प्रश्न अर्धा सोडून देत. पुरा करायचा तो बाकीच्यांनी. त्यांचा नियम एकच, पण भलता. ज्याला उत्तर आलं त्याने गप्प बसायचं. ते कसं आलं हे शेजाऱ्याने सांगायचं. उत्तर चुकलेलं असलं तरीही.

"चुकलेल्या उत्तरालाही आईबाप असतात," बाई म्हणायच्या. "ते शोधा, मग त्याला हसा."

त्या दिवशी गणित सोपं होतं. दहा सेंटिमीटर लांब, सहा रुंद कागद, क्षेत्रफळ किती? सगळे साठ म्हणाले. मावशी म्हणाली, "एकशेचाळीस."

"अहो मावशी, सहा दाहे साठ!" शेजारी बसलेला बसचा ड्रायव्हर खो खो हसला. "वरचे ऐंशी काय माझ्या बसमधून आले?"

मावशीचा चेहरा उतरला. पिशवी उचलून निघावं असं तिला वाटलं. पण बाईंनी ड्रायव्हरकडेच बोट केलं. "एकशेचाळीस कसे आले, ते आता तुम्ही सांगायचं."

ड्रायव्हरचं हसू मावळलं. त्याने डोकं खाजवलं, बोटं मोडली. पलीकडचा म्हातारा गवंडी म्हणाला, "अरे, तिच्या हाताला विचार की. तोंडाला बंदी आहे, हाताला नाही." त्याने जुना पेपर पसरला, त्यावर दहा बाय सहाचा चौकोन आखला आणि मावशीच्या हाती कात्री दिली.

मावशीने कात्री चालवली ती रेघेवरून नाही, रेघेच्या बाहेरून. मोजमाप नाही, खूण नाही. ड्रायव्हरने पट्टी लावली. चारही बाजूंना बरोबर दोन-दोन सेंटिमीटर, केसाचाही फरक नाही.

"चौदा बाय दहा!" तो ओरडला. "चौदा दाहे एकशेचाळीस! मावशीने दुमडीला जागा सोडलीय!"

"मग दुमडीशिवाय कापड टिकतं कुठे?" मावशी न राहवून बोललीच. बत्तीस वर्षांत बिनदुमडीचं माप तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

बाईंचे डोळे चमकले. "आता ते ऐंशी कुठे बसलेत, दाखवा."

ड्रायव्हरने पट्ट्या मोजल्या. लांब बाजूंच्या वीस-वीस, आखूड बाजूंच्या बारा-बारा. चौसष्ट. "सोळा कमी पडतात!"

मावशीने चारही कोपरे एकेक करून दुमडले. चार चौकोन, चार-चारचे. सोळा! गवंडी हात जोडून म्हणाला, "जन्मभर फरशा बसवल्या, पण कोपरा हिलाच दिसला. देवाने हिची वही हातातच लिहून ठेवलीय."

त्या दिवसापासून मावशी गणित वाचताना आधी एकच विचारू लागली: हा कागद आहे, की कापड?

परीक्षा शिवणखात्यातच झाली. भांडारप्रमुख साहेबांनी शेवटचा प्रश्न घातला. कापड एकशेवीस सेंटिमीटर पन्ह्याचं, हजार सेंटिमीटर लांब. बाळाला गुंडाळायची साठ बाय शंभरची तयार कापडं किती निघतील?

मावशीने लिहिलं: पंधरा.

"चूक. वीस," साहेब म्हणाले.

टेबल गेलंच म्हणायचं! पण जिभेवर वर्गातली सवय आली. "साहेब, तुमचे वीस कसे आले ते आधी मी सांगते. पन्ह्यात दोन, लांबीत दहा. कागदाचे असते तर अगदी बरोबर. आता माझे पंधरा कसे आले, ते तुम्ही सांगा."

मशीनं थांबली. साहेबांनी भुवया उंचावल्या, पण पट्टी उचलली. तिने एक शिवलेलं कापड त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी त्याची दुमड उलगडली, मापली. "चौसष्ट बाय एकशेचार... मग पन्ह्यात दोन बसतच नाहीत. एकच. लांबीत नऊ." त्यांनी वर पाहिलं. "नऊच होतात की!"

मावशीने ओठ घट्ट मिटले आणि कापड हाताने आडवं फिरवलं.

साहेबांनी पुन्हा पट्टी लावली, लांबीत चौसष्ट-चौसष्ट मोजत गेले आणि पंधराव्याला थांबले. मग मशीनवरच्या सगळ्या बायकांकडे वळून, शाळेतल्या पोरासारखे उत्साहाने सांगू लागले, पंधरा कसे ते, कोपऱ्यांसकट.

त्यांचं सांगून झालं तेव्हा मावशी कापणीच्या टेबलामागे उभी होती. कात्री तिच्याकडे साहेबांनीच सरकवली.