गोड्या पाण्याचा हंडा

मे महिन्याच्या भर दुपारी, युजीनच्या विहिरीवर भरायला निघालेला रिकामा टँकर नेमका क्लेमेंटीनच्या दारात बंद पडला. बॉनेटमधून वाफ, खाली रस्त्यावर धार. रोज पंधरा-वीस खेपा करून यानेच उमेळे गावाचं पाणी नालासोपाऱ्याच्या नव्या बिल्डिंगींना नेलं, आणि आता तोच पाणी पाणी करत उभा! "बरी जिरली," क्लेमेंटीन म्हणाली. ऐकू जावं म्हणून मोठ्यानेच म्हणाली.

पण तिचा नवरा बर्नार्ड! त्याला लष्कराच्या भाकऱ्या भाजायची भारी हौस. रेडिएटर निवल्यावर त्याने चिरलेल्या नळीत कपड्याचा साबण चोळून चोळून भरला, वर चिंधी आवळली आणि ओरडला, "अगं, मूठभर हळद आण! पाण्यात घातली की बारीकसारीक भोकं बुजतात. नालासोपाऱ्यापर्यंत जाईल कसाबसा."

"हळद?" क्लेमेंटीन कडाडली. "युजीनच्या पंपापायी खाडीचं पाणी आत शिरून आपली विहीर खारी झाली, केळी करपली, पानवेली गेल्या, आणि तुम्ही टँकरला हळद लावताय? नवरदेव आहे का तो?"

तरी हळद दिली तिने. आपल्या विहिरीची बादलीही आणून आदळली.

ड्रायव्हरने आधी त्या पाण्याने तोंड धुतलं आणि थू करून थुंकला. "मावशी, हे तर खारं आहे! रेडिएटर सडेल. इंजिनाला असलं पाणी चालत नाही."

"इंजिनाला चालत नाही! आणि आम्हांला चालतं होय रे? दोन वर्षं याच पाण्यात भात शिजतोय माझा!"

ड्रायव्हरची नजर ओट्यावरच्या हंड्याकडे गेली. तो क्लेमेंटीनने पहाटे चर्चच्या विहिरीवर दोन तास रांगेत उभं राहून भरलेला. घरात सून ओली बाळंतीण. दिवसभर तिला तेवढंच गोडं पाणी.

"दे गं," बर्नार्ड म्हणाला. "दारी आलेल्याला पाण्याला नाही म्हणू नये."

"माणसाला म्हणू नये!" तिने पेला भरून ड्रायव्हरच्या हातात दिला. "तू पी पोटभर. गाडीला थेंब मिळणार नाही. युजीनच्या विहिरीचं आण जा, हाकेवर तर आहे."

तो बादली घेऊन गेला. परतला तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. "चाखून बघा," तो म्हणाला.

बर्नार्डने ओंजळ तोंडाला लावली आणि हात झटकला. तेही खारं.

"बिल्डिंगीतल्या बायका चार दिवस बोंबलतायत," ड्रायव्हर पुटपुटला. "मला वाटलं, नखरे. टँकरचा मालक म्हणाला, खेपा चालू ठेव."

युजीनची खोड मोडली म्हणून खरं तर तिने नाचायचं. पण क्लेमेंटीनचं डोकंच फिरलं. "अरे मेल्या, तिथे बाळंतिणी नाहीत का? त्यांनी कुठल्या रांगेत उभं राहायचं?"

बादली आणि पेला उचलून ती तशीच अनवाणी निघाली. मागोमाग बर्नार्ड. युजीन, बर्नार्डचा चुलत भाऊ, जेवून आरामखुर्चीत पडला होता. मागे विहिरीवर पंप चालूच होता, टाकी भरत होता.

"ऊठ," क्लेमेंटीनने पेला बादलीत बुडवून त्याच्यापुढे धरला. "तुझ्याच विहिरीचं आहे. इंजिनालासुद्धा चालत नाही. तू हे पिऊन दाखव, माझा अख्खा हंडा त्या टँकरात ओतते."

युजीनने पेल्याला हात लावला नाही. "वहिनी, उन्हाळ्यात होतं असं थोडंफार," म्हणाला.

बर्नार्ड मागे विहिरीवर गेला आणि त्याने पंप बंद केला.