भाऊबीजेचा घास

शालिकरामचं नाव माह्यासमोर काढू नका. रक्ताचा नाई, पण मानलेला भाऊ होता तो माहा. आमच्याच गावचा, आमच्यासारखाच माळी. नवरा मेला अन् दिरानं मले भाजीच्या मळ्यातून हाकललं, तवा यानंच मले अकोल्याच्या दवाखान्यात कामाले लावलं. तिथं तो जमादार होता, नोकरमाणसं आणणं त्याच्याकळेच. म्या म्हणलं, देव पावला. डोंबलाचा देव!

दवाखाना नवाच होता. साता समुद्रापल्याड गोऱ्यागोऱ्यायची लढाई जुंपली अन् आपल्या वऱ्हाडातल्या कापसाले असा भाव आला, का लोकं बैलायच्या शिंगायले चांदी मढवून राह्यले होते. जिकळे पाहा तिकळे रुईच्या वखारी. बाया दिवसभर त्या धुरळ्यात बसत अन् खोकत खोकत घरी जात. ज्या लईच खोकत, त्यायले दवाखान्यात आणून टाकत. त्यायच्यासाठी मागच्या अंगाले एक खोली होती, बायायच्या क्षयाची. ती माह्याकळे. पेज पाजायची, पाठ चोळायची, रक्त पुसायचं, थुंकीची मडकी रिकामी करून त्यात राख भरायची.

पह्यल्याच दिवशी म्या त्याले विचारलं, "भाऊ, हा आजार लागत तं नाई ना? माह्या घरी लेकरू आहे." शकुन, माही एकुलती एक पोट्टी. तिच्यासाठीच तं मी जगून राह्यली होती.

"छ्या! येडी का खुळी तू?" तो म्हणे. "साहेब सांगते, हा आजार घराण्यातून येते. लागत-बिगत नाई. तुह्या घराण्यात कोणाले होता काय? मंग बिनघोर राय."

साहेब म्हंजे अमरावतीहून येणारा गोरा डॉक्टर. तो खरंच तसं बोले. त्याले तेच खरं वाटत असंन, कारण तो बेधडक खाटेवर बसून बायायची नाडी पाहे. त्याच्यावर माहा राग नाई.

माह्या आंधी त्या खोलीत सुभद्रा नावाची बाई काम करे. ती वारली होती. कशानं, असं विचारलं तं शालिकराम म्हणे, "तापानं." म्या इस्वास ठेवला. भावाच्या शब्दावर कोण शंका घेते?

शालिकराम सोता कधी त्या खोलीत पाय टाकत नसे. औषधाची बाटली उंबऱ्यावर ठेवे, बाहेरूनच हाक मारे, अन् पाठ फिरवून उभा राहे. मले वाटे, बायायची खोली, खाटेवर पडलेल्या परक्या बाया, कोणाच्या पदराची सुद नाई. किती मर्यादेचा माणूस! चारचौघीत त्याचं कौतुक करत फिरली मी. आता आठवते तं सोताच्याच थोबाडीत मारावं वाटते.

दरसाल भाऊबीजेले तो माह्या घरी येई. ओवाळणं झालं का मी पह्यला घास माह्या हातानं त्याच्या तोंडात देई. त्याबिगर आमची भाऊबीज होतच नव्हती. तो मिटक्या मारत खाई. मंग मी अन् शकुन एका ताटात जेवू. माह्या ताटाबिगर पोट्टीले घासच उतरत नाई, हे त्याले चांगलं ठाऊक. "मायची शेपूट" म्हणे तो तिले.

यंदा पोळ्यापासून मले खोकला लागला. दिवस बुडाला का अंग तापे. शालिकरामनं दवाखान्यात माहा खोकला ऐकला अन् दुरूनच म्हणे, "अद्रक खात जाय."

भाऊबीज आली. म्या पुरणाच्या पोळ्या केल्या. शालिकराम आला तो मांडलेला पाट सोडून दारापाशी बसला. ओवाळाले गेली तं त्यानं मान मागं घेतली. माह्यासाठी लुगडं आणलं होतं, ते हातात न देता खाली ठेवलं. म्या तुपात बुडवलेला पोळीचा घास त्याच्या तोंडापुढं नेला.

"नको जमुना. मले उपास आहे."

"भाऊबीजेले कोणाचा उपास असते रे भाऊ?"

"आहे एक. नवसाचा."

"मंग पाणी तरी घे."

म्या तांब्या पुढं केला. त्यानं आपल्या पिशवीतून आपलाच तांब्या काढला अन् घोटभर पेला. घरून पाणी घेऊन आलता! बहिणीच्या घरी!

 ती उंबऱ्यावरची बाटली, ते पाठ फिरवून उभं राहणं, सुभद्राचा ताप, सारं एकदम डोळ्यापुढं आलं. मर्यादा कायची? भेव होतं त्याले.

"शालिकराम," म्या म्हणलं. भाऊ म्हणणं तोंडातून निघेच ना. "सुभद्रा कशानं मेली?"

तो आपला तांब्या पिशवीत घालाले लागला.

"बोल! तुले माह्या पोरीची आण आहे."

"खोकल्यानंच," तो म्हणे. "तिच्या आंधीची बाईबी तशीच गेली. माह्या आज्याले हाच खोकला होता, माय त्याचं भांडं वेगळं ठेवे. मले लहानपणापासून ठाऊक आहे, हा आजार लागते. साहेबाले काई म्हणू दे."

"अन् मले सांगितलं, लागत नाई?"

"कोणाले आणलं असतं मी? साऱ्या बाया वखारीत. साहेब आला का माह्या मागं, बाई आण, बाई आण. खरं सांगितलं असतं तं तू थांबली असती काय?"

"माहं जाऊ दे रे मेल्या! ही पोट्टी माह्या ताटात जेवते, हे तू इथं बसून दरसाल पाह्यलं. माहा खोकला ऐकला, तवा तरी तुह्या तोंडून निघालं नाई, का तिले वेगळं ताट दे? जीभ झडली होती काय तुही?"

 पोळीचा घास अजून माह्या हातातच होता. शकुनले आमच्या बोलण्यातलं काई समजलं नाई. ती माह्या मांडीले येऊन खेटली.

"मामा नाई खात तं मले दे ना माय," म्हणे, अन् तिनं तोंडाचा आ केला.

त्या तोंडापाशी माहा हात थांबला. म्या घास दाराबाहेर कुत्र्याले फेकला. पोट्टी पाहतच राह्यली. मंग तिनं भोकाड पसरलं. "मले काहून नाई देत? म्या काय केलं?" ती बिलगाले आली तं म्या तिले हातानं मागं लोटलं. जन्मात पह्यल्यांदा. माहं काळीज फाटलं, पण लोटलं.

"इले आत्ताच्या आत्ता दर्यापूरले माह्या बहिणीकळे नेऊन घाल," म्या शालिकरामले म्हणलं. "तुह्या बैलायची दमणी दारात जुंपून उभी आहे. एवढं कर, अन् मंग मले तोंड दाखवू नको."

"नेतो," तो म्हणे. शकुनले घ्याले त्यानं हात पुढं केला.

तेवढ्यात रडता रडता पोट्टीले ठसका लागला. लागला तो थांबेच ना. रडण्याचाच असंन. रडण्याचाच असंन तो.

शालिकरामनं पुढं केलेला हात मागं घेतला. शेला नाकाले लावला, मागं सरत सरत उंबऱ्याच्या बाहेर गेला, अन् तिथं पाठ फिरवून उभा राह्यला.