लहानूचा निळा सदरा

मी एक जुने बुजगावणे आहे. मखमलाबादच्या एका टोमॅटोच्या मळ्यात दोन काठ्यांच्या जोरावर उभे आहे. लहानूने मला स्वतःच्या हातांनी केले. पोटात पेंढा भरला, डोक्याला मडके दिले आणि चुन्याने डोळे काढले, एक मोठा, एक बारीक. तोंड काढायचे मात्र राहूनच गेले. मित्रांनो, साळुंक्यांना मी राखणदार वाटायचे, रस्त्याने जाणाऱ्यांना भूत. खरे तर मी नुसता पेंढा, पण माझी ऐट केवढी!

मग लहानू वारला. त्याची सून रूपाली त्याचा निळा सदरा घेऊन आली. मला तो घालताना तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

"नाना, तुमचा जीव या मळ्यातच व्हता. आता इथंच राहा. तुमच्याबिगर लय ओकंओकं वाटतंय."

हे ऐकायला माझ्याशिवाय कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी लहानूची बायको अंबूबाई आली आणि मला पाहताच मटकन बांधावर बसली. "जल्मभर राबला माणूस, अन् सुनंनं त्याचं बुजगावणं केलं!" तिने सदरा काढला, छातीशी धरला आणि निघून गेली. मी काय सांगणार, कपाळ?

मला उघडे पाहून रूपालीने तिसरेच मनात घेतले. "नानांचा एक सदरा बी आईंनी मला ठेवू दिला नाय. मी परकीच."

दोघी एकाच घरात राहून बोलेनाशा झाल्या. शेवटी अंबूबाई लेकीकडे वणीला गेली आणि तिकडेच वारली.

यंदा रूपाली सासूचे हिरवे लुगडे घेऊन आली. "आई, नानांच्या मळ्यात राहा," म्हणत तिने ते मला नीट नेसवले. तेवढ्यात तिचा नवरा राज मोटारसायकलवरून आला.

"माझ्या आईचं बी बुजगावणं केलंस?"

"बी म्हंजे?"

"नानांचं केलं, तवापासून आई मरेपस्तोर रडली. तिनं शपथ घातली व्हती, म्हून गप बसलो."

रूपाली सांगायला गेली, पण राजने गाडी वळवली होती. ती माझ्या पायाशी बसून राहिली. जिला सांगायचे, ती आता कुठे होती?

मित्रांनो, तुम्हाला तोंड आहे. मनात काही धरण्याआधी समोरच्याला एकदा विचारा, एवढीच विनवणी. या घराची आशा मी सोडली आहे. लुगडे वाऱ्यावर हलते, साळुंक्या उडतात. रूपाली खाली मान घालून टोमॅटो तोडते आणि माझ्याकडे बघत नाही.